दिल्ली-दर्शनाची आखणी

सहलीचे वर्णन लिहिणे सोपे असते. सहलीची आखणी कशी झाली हे लिहिणे तितकेसे सोपे नाही. आपल्या वार्षिकांकात प्रतिवर्षी एक तरी प्रवासवर्णन येतेच. आम्ही निघालो, आम्ही पोहोचलो, अमुक वास्तू पाहून मन प्रसन्न झाले, आणि थकूनभागून परंतु आनंदाने घरी परतलो, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. या लेखात आम्ही तो क्रम सोडून देणार आहोत. गेल्या नाताळाच्या सुटीत आमच्या नववीच्या वर्गाची सहल तीन दिवसांसाठी दिल्लीस गेली. त्यापूर्वी दीड महिना भूगोलाच्या खोलीत जे काम चालले होते, त्याची ही हकीकत आहे. आखणीसाठी वर्गाने सहा जणांची समिती निवडली होती. लेख त्या सहा जणांनी मिळून लिहिला आहे. म्हणून त्यात 'मी' कोठेही आढळणार नाही.

आखणीची एवढी आवश्यकता का भासली, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही सातवीत असतानाही शाळेची सहल दिल्लीस गेली होती. शनिवारी रात्री निघून रविवारी पहाटे दिल्लीस पोहोचावयाचे, असा बेत होता. परंतु धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा पोहोचली, आणि रविवार सामान ठेवण्यात व जेवणातच संपला. सोमवारी सकाळी मोठ्या उत्साहाने आम्ही लाल किल्ल्यापुढे उभे राहिलो, तो दरवाजा बंद! लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हे कोणीच पाहिले नव्हते. तेथून राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. तेही सोमवारी बंद. मग भाड्याच्या बसमधून शहरभर फिरलो, आणि खिडकीतून ज्या ज्या वास्तू दिसल्या त्या 'पाहिल्या' असे घरी येऊन सांगितले. घरच्या मंडळींचा प्रश्नही ठरलेला असतो : "काय काय पाहिलंत?" आपण नावे मोजून सांगतो आणि ऐकणाऱ्यांस संख्या पुरेशी वाटते.

त्या सहलीतील आणखी एक गोष्ट आमच्यापैकी कित्येकांच्या तेव्हा ध्यानातही आली नव्हती. आमचा एक वर्गमित्र कुबडी घेऊन चालतो. बस जेथे जेथे थांबली, तेथे तेथे "दहा मिनिटांत परत या" अशी सूचना होई. दहा मिनिटांत जाऊन परत येणे त्याला शक्य नव्हते. त्यामुळे तीन ठिकाणी तो बसमध्येच आमच्या पिशव्या सांभाळीत बसला. यंदा सहलीसाठी नावे घेऊ लागलो, तेव्हा त्याने आपले नाव दिले नाही. कारण विचारले, तर म्हणाला, "पिशव्या राखायला दिल्लीपर्यंत कशाला जायचं?" हे तो हसून म्हणाला, परंतु समितीच्या पहिल्या बैठकीत त्या दिवशी दुसरे काहीच बोलणे झाले नाही.

दुसऱ्या बैठकीस भूगोलाचे गुरुजी आले. त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : "तुमच्यापाशी उजेड किती आहे?" आम्ही प्रेक्षणीय स्थळांची यादी करून ठेवली होती. तीत सतरा नावे होती. त्या यादीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीस सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. दिवस सव्वादहा तासांचा झाला. त्यातून सकाळचे धुके वजा करावयाचे.

धुक्याविषयी थोडे सांगावयास हवे, कारण आमच्या आखणीचा पाया तेच होते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिला लागून असलेली दमट हवा थंड होते, आणि वारा पडलेला असला म्हणजे तीतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब जमिनीलगतच तरंगत राहतात. पंजाबपासून बिहारपर्यंतच्या सपाट मैदानावर डिसेंबर-जानेवारीत ही दुलई वारंवार पसरते. शहरात धूर आणि धूळ मिसळून ती अधिक दाट होते. बहुधा मध्यरात्रीनंतर धुके दाटते आणि ऊन तापू लागले की विरू लागते. आमचे ग्वाल्हेरही त्यातून सुटत नाही. परंतु चंबळेचा पूल ओलांडून धौलपूर, आग्रा, मथुरा असे उत्तरेस जावे तसा त्याचा जोर वाढत जातो.

यावरून दोन निर्णय झाले. पहिला गाडीचा. ग्वाल्हेरहून दिल्ली लोहमार्गाने तीनशे किलोमीटरांहून थोडी अधिक दूर आहे. रात्रीची गाडी घेतली की एक दिवस वाचतो, असे आमचे मागील गणित होते. ते उन्हाळ्यापुरते खरे असेल. या वेळी आम्ही दुपारची गाडी निवडली. तीही दक्षिणेकडून दोन दिवसांचा प्रवास करीत येणारी नव्हे, तर जवळूनच सुटणारी. दुरून येणारी गाडी आपल्याबरोबर आदल्या रात्रीचा उशीर घेऊन येते. जवळून सुटणारीला तो वारसा नसतो. ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्या आजोबांनी सांगितली. त्यांचे आयुष्य रेल्वेच्या नोकरीत गेले आहे.

दुसरा निर्णय असा की, सकाळी छपराखाली पाहावयाच्या गोष्टी आणि अकरानंतर उघड्यावरच्या. संग्रहालयात धुके शिरत नाही. किल्ला, मनोरा, बाग यांस ऊन हवे. हे सूत्र सापडल्यावर सतरा नावांची यादी आपोआप दोन भागांत विभागली गेली. तरी नावे सतराच राहिली होती.

मग वारांचा तक्ता केला. दिल्लीतील पुष्कळ स्थळे सोमवारी बंद असतात : लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, कमळाच्या आकाराचे बहाई मंदिर. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर मात्र सर्व दिवस उघडी असतात. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीत नमाजाची मोठी गर्दी असते. येता-जाता आग्र्यास उतरून ताजमहाल पाहावा, असा वर्गातील निम्म्यांचा आग्रह होता. पण ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, आणि मुख्य म्हणजे आग्रा आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. जे एखाद्या रविवारी घरच्या मंडळींबरोबर पाहून येता येईल, त्यासाठी दिल्लीचा अर्धा दिवस का द्यावा? या प्रश्नावर बराच कडाक्याचा वाद झाला. शेवटी मत घेतले आणि ताजमहाल थोडक्या मतांनी पडला. गुरुवारी दुपारी निघावयाचे, शुक्रवार-शनिवार-रविवार पाहावयाचे, आणि सोमवारी, म्हणजे शहराच्या सुटीच्या दिवशी, आपण परतावयाचे असे ठरले.

आता खरी कठीण गोष्ट उरली होती : चालणे. आम्ही आमच्या मित्रास समितीत सातवा सभासद म्हणून बोलावले. प्रथम तो आला नाही. गुरुजींनी सांगितले तेव्हा आला. शाळेच्या पटांगणावर आम्ही त्याच्याबरोबर घड्याळ लावून चाललो. एक किलोमीटर अंतरास, मध्ये दोनदा थांबून, पंचवीस मिनिटे लागली. आम्ही तेवढ्या वेळात त्याच्या दुप्पट चाललो असतो. परंतु गंमत अशी की, त्यानंतर अडतीस जणांच्या संपूर्ण वर्गाला एकत्र चालवून पाहिले, तेव्हा बुटांचे बंद सुटणे, मागे राहणे, बोलत उभे राहणे हे सर्व धरून वर्गालाही वीस मिनिटे लागली! अडतीस जण एकत्र कधीच वेगाने चालत नाहीत. तेव्हा मित्राचे माप तेच सर्वांचे माप, असे धरण्यात प्रत्यक्षात फारच थोडे गमवावे लागणार होते. आम्ही दिल्लीचा मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि त्यावर किलोमीटरांच्या जागी मिनिटे लिहिली. बाहेरील चालणे दिवसात दीड तासाहून अधिक होऊ द्यावयाचे नाही, असा नियम केला. त्या नियमाने सतरांतील नऊ नावे एका दुपारी गळून पडली.

भाड्याच्या बसऐवजी मेट्रो घ्यावी ही सूचनाही मित्राचीच. दिल्लीची मेट्रो २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी एवढ्याच लहानशा मार्गावर सुरू झाली; आज तिचे जाळे शहराबाहेरही दूरवर पसरले आहे. तिच्या स्थानकांत उद्वाहने आहेत, आणि फलाट व डबा यांची पातळी एक असते. बसच्या उंच पायऱ्या चढण्यापेक्षा हे त्याला सोयीचे होते. लाल किल्ल्याजवळ त्याच नावाचे स्थानक आहे. जंतरमंतराजवळ पटेल चौक आहे. कुतुबमिनार नावाचे स्थानक मात्र मनोऱ्यापासून बरेच दूर आहे. नावावरून फसू नये. तेथे रिक्षांचा खर्च आम्ही आधीच हिशेबात धरला.

हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट उघड झाली. वर्गातील तीन मुलींनी नावे दिली नव्हती, आणि कारण कोणी विचारलेही नव्हते. खर्चातील सर्वांत मोठा आकडा होता तो तीन दिवसांच्या बसचा. ती गेली आणि चौथा मुक्काम गेला, तशी प्रत्येकाची वर्गणी जवळजवळ एक-तृतीयांशाने उतरली. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही, हेही कळले. आमच्या वर्गातील काही जण पंधराच्या अलीकडचे तर काही पलीकडचे. पलीकडच्यांचे शुल्क सर्वांच्या वर्गणीत विभागले. तीनपैकी दोघींची नावे आली. तिसरीच्या घरी आजी आजारी होती. तिची गोष्ट पुढे येईल.

इतके झाल्यावर मग 'काय पाहावयाचे' हा प्रश्न हाती घेतला. उरलेल्या प्रत्येक स्थळासाठी दोघांनी आठ दिवस वाचन करावयाचे आणि वर्गापुढे दहा मिनिटे बोलावयाचे, अशी अट होती. ज्या स्थळाविषयी कोणाला दहा मिनिटे बोलता येत नाही, तेथे जाऊन तरी काय दिसणार?

लाल किल्ल्यावर बोलण्यास दहा मिनिटे पुरली नाहीत. शहाजहानने १६३९ मध्ये त्याचा पाया घातला आणि १६४८ मध्ये तो पुरा झाला, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु आम्ही लष्करात राहणारी मुले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे कायमचा पडला. त्यावरून आमच्या वस्तीला लष्कर हे नाव मिळाले. त्यामुळे दिवाण-इ-खासच्या दालनात आपलेही काही आहे, अशी आमची समजूत होती. वाचू लागलो तो ते 'काही' सरळ नव्हते असे दिसले. १७६० मध्ये, पानिपतावर जाण्यापूर्वी, सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौजेचा पगार चुकविण्यास पैसा नव्हता. तेव्हा याच दालनाचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. पुढे महादजी शिंद्यांच्या पाठिंब्याने बादशहा शाहआलम १७७२ मध्ये दिल्लीस परतला. १७८४ मध्ये बादशाही कारभाराची मुखत्यारी मराठ्यांकडे आली. १७८८ मध्ये गुलाम कादिराने याच किल्ल्यात वृद्ध शाहआलमचे डोळे काढले, आणि महादजींच्या फौजेने त्याच वर्षी दिल्ली परत घेऊन गुलाम कादिरास पकडले. १८०३ च्या सप्टेंबरात यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत दौलतरावांची फौज इंग्रजांकडून हरली आणि दिल्ली कंपनीच्या हाती गेली. छत काढणारेही आपलेच, आणि बादशहास सोडविणारेही आपलेच. एकाने विचारले, "मग आपण तिथे उभं राहून काय वाटून घ्यायचं?" इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "आधी छताकडे बघा. मग ठरवा." आज तेथे लाकडी छत आहे. आम्ही त्याखाली बराच वेळ उभे राहिलो, आणि ज्याने प्रश्न विचारला होता तो सर्वांत अधिक वेळ.

कुतुबमिनाराची माहिती सांगणाऱ्या दोघांनी एक अशी गोष्ट आणली की, तिने आमच्या नियमांत भर पडली. मनोरा ७२.५ मीटर उंच आहे आणि आत ३७९ पायऱ्या आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने आरंभ केला, अल्तमशाने मजले चढविले, वीज पडून मोडलेला भाग चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दुरुस्त केला. पूर्वी लोक आत चढत असत. ४ डिसेंबर १९८१ रोजी जिन्यातील दिवे गेले, अंधारात चेंगराचेंगरी झाली, आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत पुष्कळसे शाळेच्या सहलीस आलेले विद्यार्थी होते. तेव्हापासून मनोऱ्याचा जिना लोकांस बंद आहे. हे ऐकल्यावर वर्गात कोणी बोलेना. त्याच दिवशी गर्दीचे नियम ठरले. आठ-आठ, दहा-दहा जणांच्या चार तुकड्या, प्रत्येकीबरोबर एक वडील माणूस. मेट्रोच्या दरवाज्यात कोणी धाव घ्यावयाची नाही. जो मागे राहील त्याने त्याच फलाटावर उभे राहावयाचे, जे पुढे गेले त्यांनी पुढील स्थानकावर उतरून थांबावयाचे, आणि शोधावयास एकट्या शिक्षकांनी जावयाचे. हा नियम प्रत्यक्षात एकदा उपयोगी पडला. कोणास, हे त्याच्या विनंतीवरून लिहीत नाही.

राष्ट्रीय संग्रहालयात एकच दालन पाहावयाचे ठरविले : हडप्पा-संस्कृतीचे. मोहेंजोदडो येथील प्रसिद्ध नर्तिकेची ब्राँझची मूर्ती पाठ्यपुस्तकातील चित्रात आम्ही सर्वांनी पाहिली होती. आम्ही वर्गात प्रत्येकाला तिची उंची कागदावर लिहावयास सांगितली. कोणी दोन फूट लिहिली, कोणी पाच! ती फक्त १०.५ सेंटीमीटर आहे. पुस्तकातील चित्रे सर्वच वस्तू एकाच आकाराच्या करून टाकतात. तासाभरात एका दालनातून तळहाताएवढी ती मूर्ती, मुद्रा आणि वजने पाहून आम्ही बाहेर पडलो. उरलेले संग्रहालय तसेच राहिले याची थोडी हळहळ अजूनही वाटते. समितीतील दोघांचे म्हणणे आहे की, येथे आपण फारच कंजूषपणा केला.

शनिवारची दुपार जंतरमंतरासाठी राखली होती. आखणीत जास्तीत जास्त श्रम या एका ठिकाणासाठी पडले, आणि ते सर्वांत आनंदाचेही ठरले. जयपूरच्या सवाई जयसिंहाने १७२४ मध्ये ही वेधशाळा बांधली. अशाच वेधशाळा त्याने जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा येथेही उभारल्या. मथुरेची आता राहिलेली नाही. दिल्लीतील सम्राटयंत्र म्हणजे सुमारे २१ मीटर उंचीची एक त्रिकोणी भिंत. तिची तिरपी कड उत्तर ध्रुवाकडे रोखलेली आहे. म्हणजेच तिचा चढ दिल्लीच्या अक्षांशाएवढा, सुमारे २८ अंश ३७ कला, आहे. तिची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवर सरकत जाते व वेळ दाखविते. परंतु ही वेळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, आणि दिल्ली सुमारे ७७.२ रेखांशावर. अंशास चार मिनिटे या हिशेबाने दिल्लीचा सूर्य २१ मिनिटे मागे असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यात आणखी मिनिटभराची भर पडते. तेव्हा खरी माध्यान्ह घड्याळात बारा वाजून बावीस मिनिटांनी व्हावयास हवी होती.

नुसती वेळ पाहून परतावयाचे नाही, असे गणिताच्या गुरुजींनी सुचविले. एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करून तिची माध्यान्हीची सावली मोजावयाची. आणि त्याच दिवशी तेवढ्याच काठीची सावली ग्वाल्हेरीस कोणी तरी मोजावयाची. आजीसाठी घरी राहिलेली आमची मैत्रीण आणि तिच्या मदतीस आठवीतील तिचा भाऊ यांनी हे काम पत्करले. ग्वाल्हेर थोडे पूर्वेस असल्यामुळे तेथील माध्यान्ह चार मिनिटे आधी, बारा वाजून अठरा मिनिटांनी होणार होती. त्या दोघांनी शाळेच्या पटांगणात आधी चार दिवस सराव केला.

त्या शनिवारी सकाळी धुके होते. अकरा वाजेपर्यंत सूर्य पिठाच्या गोळीसारखा दिसत होता, आणि संग्रहालयात आमचे लक्ष मूर्तीपेक्षा खिडकीकडेच अधिक होते. पावणेबारास ऊन पडले. जंतरमंतराच्या आवारात, यंत्रांपासून दूर, सपाट फरसबंदीवर आम्ही काठी धरली. ओळंबा आमच्या मित्राच्या हाती होता, कारण बसून काम करण्यास त्याची तयारी झालेली होती आणि त्याचा हात हलत नाही. बारा वाजून पंधरा मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण केली. सर्वांत आखूड सावली भरली १२७ सेंटीमीटर. संध्याकाळी गुरुजींच्या दूरध्वनीवर ग्वाल्हेरचा आकडा आला : ११६.

रात्री मुक्कामी कोष्टक उघडले. सावलीवरून सूर्याची उंची दिल्लीस सुमारे ३८.२ अंश आणि ग्वाल्हेरीस ४०.८ अंश आली; बारकाईने पाहता फरक २.५४ अंशांचा. नकाशावरून ग्वाल्हेर ते दिल्ली हे दक्षिणोत्तर अंतर २६६ किलोमीटर धरले. लोहमार्गाचे अंतर येथे चालत नाही, कारण तो वायव्येस तिरपा जातो आणि वळणेही घेतो. २.५४ अंशांना २६६ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर आले सुमारे ३७,७०० किलोमीटर. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. शंभरात सहाची चूक झाली. ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिस याने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हीच युक्ती योजली होती. आमची चूक कोठे झाली याचा शोध अद्याप चालू आहे. ग्वाल्हेरचे पथक म्हणते, दिल्लीची फरसबंदी सपाट नव्हती. दिल्लीचे पथक म्हणते, ग्वाल्हेरची काठी सरळ नव्हती. एका सेंटीमीटरने उत्तर हजारो किलोमीटरांनी हलते, हे मात्र दोघांसही मान्य आहे.

त्या दिवशी दुपारचे जेवण जवळच्याच बंगला साहिब गुरुद्वारात लंगरात झाले. पादत्राणे बाहेर, डोक्यावर रुमाल, आणि पंगतीत खाली बसून वरण-रोटी. खाली बसण्यास ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी तेथील सेवेकऱ्यांनी न सांगता बाकाची व्यवस्था केली. जेवणानंतर आमच्यापैकी काहींनी ताटे घासण्यास मदत केली. घरी हेच काम सांगितले असता आम्ही काय उत्तर देतो, ते वाचणाऱ्या आईवडिलांस ठाऊक आहेच.

रविवारी हुमायूनच्या कबरीपाशी आमची आखणी थोडी अपुरी पडली. १५७० च्या सुमारास पूर्ण झालेली ही वास्तू उंच चौथऱ्यावर उभी आहे, आणि चौथऱ्याच्या पायऱ्या अंधाऱ्या व उंच आहेत. त्या आम्ही चित्रात पाहिल्या होत्या, पण त्यांची उंची मोजली नव्हती. मित्र म्हणाला, "तुम्ही वर जा, मी बाग बघतो." बसमध्ये बसण्याचीच ही दुसरी आवृत्ती होणार काय, असे क्षणभर वाटले. मग त्यानेच नकाशा काढला. ती बाग चारबाग पद्धतीची आहे. पाण्याच्या पाटांनी व वाटांनी तिचे चार चौक पडतात, आणि त्यांचे पुन्हा लहान चौकोन. वर्गाच्या दोन पाळ्या झाल्या : एक वर, एक खाली त्याच्याबरोबर, अर्ध्या तासाने अदलाबदल. वर गेलेल्यांनी चौथऱ्यावरून पाहून पाट कोठवर जातो ते ओरडून सांगावयाचे आणि त्याने ते कागदावर उतरवावयाचे, असा खेळ सुरू झाला. पहारेकऱ्याने ओरडण्यास मनाई केली, तेव्हा हातांच्या खुणांनी चालला. त्या दुपारी काढलेला बागेचा आराखडा या अंकात अन्यत्र छापला आहे. १८५७ मध्ये शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याच ठिकाणी इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ती हकीकत सांगण्याची पाळी ज्यांची होती त्यांनी ती दोनदा सांगितली, एकदा वर आणि एकदा खाली.

जे गळले त्याची यादीही द्यावयास हवी : प्राणिसंग्रहालय, पुराना किल्ला, बहाई मंदिर, रेल्वे संग्रहालय, राजघाट, आणि खरेदीच्या सर्व बाजारपेठा. त्यांपैकी राजघाट गळला याचे आम्हांस वाईट वाटते. शनिवारी संध्याकाळी इंडिया गेट आणि त्याच्याजवळचे, २०१९ मध्ये उघडलेले राष्ट्रीय युद्धस्मारक पाहावयाचे होते. तेथे पोहोचेपर्यंत अंधार पडला आणि थंडीने सर्वांचे दात वाजू लागले. भिंतीवरील नावे दिव्यांच्या उजेडात वाचली. लोकरी टोपी विसरलेल्या चौघांना गुरुजींनी आपले मफलर वाटून दिले. त्यांच्यापाशी चार मफलर कोठून आले, हे समितीस ठाऊक नव्हते.

पुढील वर्षी नववीत येणाऱ्यांसाठी आमचा मिनिटांचा नकाशा आणि वारांचा तक्ता भूगोलाच्या खोलीतील कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला आहे. बंद असण्याचे वार आणि शुल्क निघण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारून घ्यावेत. प्रजासत्ताकदिनाच्या तयारीच्या दिवसांत लाल किल्ल्यात प्रवेश बंद असू शकतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी वैद्यांस विचारूनच यावे. दिल्लीची हिवाळी हवा चांगली नसते. हुमायूनच्या कबरीपुढे एक तास लिहिला होता, तो खोडून तांबड्या शाईने दीड तास केला आहे. संग्रहालयापुढेही तांबड्या शाईत काहीतरी लिहावे, असे समितीतील त्या दोघांना वाटते. आमचे अद्याप एकमत झालेले नाही, म्हणून ती जागा कोरी आहे.